नकाशावरचं बोट

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझं कधी जमलं नाही, त्याबद्दल माफी असावी. शाळा चौथीत सुटली. लग्न होऊन कलकत्त्याला आले, मग मराठी लिहायला कारणच पडलं नाही. कुणी वाचलंच तर चुका पोटात घाला. ज्यांचं शुद्धलेखन पक्कं आहे अशा माणसांनी काय केलं, तेच मला लिहायचं आहे.

तर एक कॉलेजची मुलगी आमच्या कामावरच्या साधनबाबूंच्या टेबलावर मोबाइल आपटून विचारत होती, "हे बोट कुणाचं?"

मोबाइलवर एका जुन्या पुस्तकाचं पान होतं. पानावर नकाशा आणि नकाशावर बोट. बोटावर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके. खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गोंदलेलं बोट तिथे दुसऱ्या कुणाचं नाही.

मी बागबाजारच्या एका जुन्या ग्रंथालयात स्कॅनिंगला आहे. काम काय, तर पानं उलटायची. जुनं पुस्तक सपाट उघडलं तर त्याची पाठ मोडते, म्हणून ते इंग्रजी व्ही अक्षरासारख्या लाकडी खाचेत ठेवतात. त्याला क्रेडल म्हणतात, म्हणजे पाळणा. वर दोन कॅमेरे. पान उलटायचं, नीट बसवायचं, हात काढायचा आणि पायाने पेडल दाबायचं. जुनी पानं हट्टी असतात, उसळून वर येतात. मग बोटाने दाबावं लागतं. बोट निघायच्या आधी पाय पडला की बोटाचाही फोटो निघतो. असं होणारच, म्हणून पुढे क्यूसी असतं. क्यूसी म्हणजे प्रत्येक फोटो डोळ्यांखालून घालून खराब पान परत काढायला लावणं. ते काम साधनबाबूंचं. त्यासाठी त्यांना मोठा पडदा, फिरती खुर्ची आणि आमच्या तिप्पट पगार आहे. पडद्यावर बहुतेक वेळा क्रिकेट असतं.

"रिस्कॅन होईल," साधनबाबू म्हणाले. "पाचशे रुपये चार्ज."

"आणखी पाचशे? पुस्तकांच्या सेटचे साडेचार हजार दिलेत मी!"

"ते मेंबरशिपचे. रिस्कॅन वेगळं." मग माझ्याकडे वळून, "माशी, तुमच्याही पगारातून या पानाचे पैसे कापणार हं."

बंगालीत मावशीला माशी म्हणतात. इतकी वर्षं झाली तरी ऐकलं की अंगावर काहीतरी बसल्यासारखं वाटतं.

त्यांनी मोबाइल हातात घेऊन पान नीट पाहिलं आणि मोठ्याने हसले. नकाशा मराठा खंदकाचा होता. मराठ्यांच्या स्वाऱ्यांना घाबरून कलकत्त्याच्या लोकांनी पूर्वी शहराभोवती खंदक खणला, तो इथेच बागबाजारला सुरू व्हायचा. माझं बोट नेमकं तिथेच पडलं होतं.

"बघा, बर्गी शेवटी खंदक ओलांडून आलेच!" साधनबाबू म्हणाले. बर्गी म्हणजे ते स्वारीवाले मराठे. इथे लहान मुलांना त्यांच्या नावाने झोपवतात. सगळे हसले. मीही हसले, कारण पगार त्यांच्या सहीने होतो.

मुलगी हसली नाही. "सर, शुक्रवारपर्यंत मला परीक्षेचा फॉर्म भरायचाय. त्याचेच पैसे मी तुम्हाला दिले. प्रोजेक्ट नीट झालं तर स्टायपेंड मिळेल, त्यातून फी भरेन असं धरलं होतं. आणि मला हवी तीच जागा या बोटाखाली आहे."

"रिसर्च म्हटलं की खर्च आलाच," साधनबाबू म्हणाले आणि पडद्याकडे वळले.

साडेचार हजार ऐकून माझे कान गरम झाले होते. कारण हेच पान माझ्या भाचीने साताऱ्यात बसून पाहिलं होतं. ती तिथे शाळेत शिकवते. आमच्या ग्रंथालयाची वेबसाइट मोबाइलवर उघडून ती पुस्तकं चाळत होती आणि तिने मला फोन केला होता, "मावशी, तुझं बोट इंटरनेटवर आलंय!" तिने एक रुपया भरला नव्हता. पासवर्डही नाही. कामावर घेतलं तेव्हा आम्हाला सांगितलंच होतं की ही पुस्तकं विद्यार्थ्यांसाठी आहेत, जगातल्या कुणीही घरबसल्या फुकट बघावीत. मला ते फार आवडलं होतं. तरी त्या वेळी मी तोंड उघडलं नाही. चार माणसांत माझा आवाज निघत नाही.

मुलगी जिन्यापाशी रडत फोनवर बोलत होती. मुलगी मराठीत बोलत होती, फोनवर आई असावी. "बाबांना नको सांगू," एवढं कानावर आलं. तिने फोन ठेवल्यावर मी जवळ गेले.

"बाळ, ते पुस्तक फुकट आहे."

ती दचकली. "काकू, तुम्ही मराठी? मघाशी का नाही बोललात?"

मी भाचीची गोष्ट सांगितली.

"नाही काकू, फ्रीवालं अर्धं असतं. इथले सर बोलले, पूर्ण सेट फक्त मेंबरला. सगळा क्लास घेतो सरांकडून."

"तू उघडून पाहिलंस का?"

तिने मान खाली घातली. एमए करणारी मुलगी. तिच्या वर्गात शिकवणारे प्रोफेसर. दिवसभर मोबाइल हातात. आणि एकानेही उघडून पाहिलं नव्हतं. फुकट आहे म्हणणाऱ्याला ही माणसं शंभर प्रश्न विचारतात, आणि पैसे मागणाऱ्याला गुपचूप पैसे देतात.

मी भाचीला फोन लावला. तिने लिंक पाठवली. केतकीने, हे त्या मुलीचं नाव, उघडली. तेच पुस्तक, तेच पान, आणि खंदकावर तेच बोट. साधनबाबूंनी आमचेच फुकटचे फोटो पेन ड्राइव्हवर उतरवून तिला विकले होते. नकाशातली झाकलेली जागासुद्धा तशीच.

केतकी परत आत गेली. मी दारातच उभी राहिले.

"हा सर्व्हिस चार्ज आहे," साधनबाबू शांतपणे म्हणाले. "शोधून देणं, लावून देणं, याला मेहनत नाही का? शिवाय पेन ड्राइव्ह."

"साडेचार हजारांचा पेन ड्राइव्ह?"

"ब्रँडेड आहे."

ग्रंथालयाच्या सेक्रेटरी मॅडम बुधवारी दुपारी येतात. रिटायर्ड प्रोफेसर आहेत, नाकावर चष्मा, हळू बोलणं. त्या बुधवारी केतकी त्यांच्यासमोर जाऊन बसली. साधनबाबूंना बोलावलं, मलाही बोलावलं. काम गेलं तर डमडमच्या खोलीचं भाडं कुठून देणार, एवढंच डोक्यात.

साधनबाबूंनी सुरेख इंग्रजीत खूप वेळ भाषण केलं. मला शब्द कळले नाहीत, पण मॅडमची मान हलताना दिसत होती. शेवटी ते बंगालीत म्हणाले, "मेंबरशिप सेट खास वेगळा तयार होतो, मॅडम. हाय क्वालिटी. वेबसाइटचा त्याच्याशी संबंध नाही."

"तुमचं काय म्हणणं?" मॅडमनी मला विचारलं.

मी सगळं पाठ करून आले होते. एक अक्षर आठवलं नाही. मग मी केतकीकडून मोबाइल घेतला, त्यावर वेबसाइटचं पान होतं. तो मॅडमच्या कॉम्प्युटरशेजारी ठेवला. कॉम्प्युटरवर केतकीने पेन ड्राइव्हवालं पान उघडून ठेवलं होतं. आणि दोन्हींच्या मध्ये टेबलावर माझं बोट ठेवलं.

मॅडमनी चष्मा वर केला. एकदा मोबाइल पाहिला, एकदा कॉम्प्युटर, एकदा माझं बोट.

"साधन," त्या म्हणाल्या, "हाय क्वालिटीमध्येही माशींचं बोट तसंच आलंय की."

साधनबाबू म्हणाले, यांना पान दाबायची सवयच वाईट आहे.

"ते पाहायचा पगार तुम्ही घेता. मुलीचे पैसे द्या. आजच. बाकीच्यांचंही नंतर बघू."

साधनबाबूंची नोकरी गेली नाही. मॅडम म्हणाल्या, जुना माणूस आहे. मेंबरशिप मात्र बंद झाली. माझ्या पगारातून त्या एका पानाचे पैसे कापले गेले, कारण नियम म्हणजे नियम. नकाशा मी परत स्कॅन केला, बोट न लावता. हे सगळं मागाहून झालं.

त्या दुपारी साधनबाबूंनी पाकीट काढून दोन हजार मोजले आणि बाकी पुढच्या महिन्यात म्हणाले. केतकी खुर्चीवरून उठली नाही. मग त्यांनी ड्रॉवर उघडला आणि आणखी दोन हजार दिले. उरलेले पाचशे पेन ड्राइव्हचे, असं त्यांचं म्हणणं. केतकीने पेन ड्राइव्ह काढून त्यांच्यासमोर ठेवला. ते त्याच्याकडे बघत बसले. मॅडम त्यांच्याकडे बघत बसल्या. शेवटी त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशातून घडी घातलेली पाचशेची नोट काढली आणि टेबलावर टाकली.

केतकीने सगळ्या नोटा दोनदा मोजल्या. साडेचार हजार, पूर्ण.