आई कुणाच्या हातावर चालली

मी घर सोडलं त्या सकाळी थोरला भाऊ माझी ट्रंक डोक्यावर घेऊन पुढे आणि मी मागे, असे आम्ही आंदर मावळातून कामशेत स्टेशनाकडे निघालो. लग्नानंतर वर्षातच नवरा वारला, सासरच्यांनी परत पाठवलं. पुण्यातल्या एका इस्पितळात मदतनीस बायका हव्या होत्या. आई दारातून म्हणाली, "आमचं ऐकलं न्हाईस, आता तितल्यांचं तरी ऐक." तिच्या शेजारी वहिनी उभी होती. नवी नवरी, पण आईशेजारची जागा तिने आधीच घेतली होती. मला ते तेव्हाच खुपलं.

इस्पितळात पांढरी टोपी आणि सुया मिळतील असं वाटलं होतं. मिळाली व्यायामाची खोली. धरून चालायच्या दोन दांड्या, वाळूच्या पिशव्या, पोलिओची मुलं, लकव्याची माणसं. फिजिओथेरपीच्या बाई तपासून कुणी काय करायचं ते ठरवत. ते करून घेणं माझं काम. कमरेचा पट्टा धरायचा, पेशंटचा गुडघा मुडपायला लागला की आपला गुडघा टेकू द्यायचा, तो दमला की बाईंना कळवायचं. गावी हे सांगितलं तर शेजारची मावशी म्हणाली, "गुरं राखायची सोडून माणसं राखाय गेली व्हय?" सगळ्या हसल्या. वहिनी जरा जास्तच.

बरे झालेले पेशंट जाताना माझे हात धरत, बाईंना लांबून नमस्कार करत. बाई एकदा म्हणाल्या, "तुमचा हेवा वाटतो हो मला." मला ती थट्टा वाटली.

पुढे आईच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी तिला उभं करा म्हणून सांगितलं, तशी मी रजा काढून गेले. आई माझ्या हातावर उभीच राहीना. पाऊल पुढे टाक म्हटलं की अंग चोरायची. माझ्यादेखत वहिनीला म्हणाली, "ही जाईल पुन्याला. मग मी कुणाच्या जिवावर उभी ऱ्हाऊ?"

मग मीच जुन्या लुगड्याचा पट्टा केला आणि वहिनीला धरायला शिकवलं. भातलावणीत बायका मागे मागे सरकतात. आईचा जन्म त्यात गेलेला. म्हणून तिला मागेच पाऊल टाकायला सांगितलं. वहिनी समोर, मी बाजूला. आई एक पाऊल मागे सरली, दुसरं सरली, आणि वहिनीलाच ओरडली, "सर की पुढं, खाचर उरकायचंय."

गावात झालं, सुनेनं सासू उभी केली, लेक नुसती सांगत बसली. शिकवणं माझं, युक्ती माझी, आणि आईचा भार वहिनीच्या हातावर. तेव्हा कळलं, बाईंनी थट्टा केली नव्हती.

आपल्यातल्या ज्या गाव सोडून गेल्या, त्यांना हे सांगायला नको. पुण्यात माझी खोली आहे, रेशनकार्ड आहे. घर मात्र मी अजून त्या अंगणालाच म्हणते, आणि तिथे आई चालताना मी बाजूला उभी असते.

निघायच्या सकाळी वहिनीने आईला अंगणभर फिरवलं आणि मला विचारलं, "वन्सं, नीट धरतीय न्हवं मी?"

मी पट्टा पाहिला, तिचा गुडघा पाहिला, आईचं पाऊल पाहिलं. चूक सापडली असती, तर आणखी दोन दिवस राहता आलं असतं.