लवंग घातलेलं मंजन

सातव्या महिन्याच्या सोनोग्राफीत माझ्या वारेवर, म्हणजे प्लॅसेंटावर, कॅल्शियमचे पांढरे ठिपके दिसले. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "नववा असता तर मी बोललेही नसते. दिवस भरत आले की वार पिकते. पण हे लवकर आहे, आणि बाळ जरा लहान आहे."

शेजारी माय बसली होती. "त्या कॅल्शियमच्या गोळ्यांनीच झालं असंल, बाई. रोज गिळून राहिली."

"गोळ्यांनी नाही होत. त्या चालू ठेवा."

मॅडम एकेक कारण तपासत गेल्या. रक्तदाब ठीक होता, साखरही. घरात बिडी ओढणारं कोणी नव्हतं.

"तंबाखू? गुडाखू?"

"नाही," मी जरा अभिमानानंच म्हणाले. आमच्याकडच्या बायका सकाळ-दुपार गुडाखूनं, तंबाखू-गुळाच्या त्या काळ्या लगद्यानं, दात घासत बसतात. मी शाळेपासून त्याला बोट लावलं नव्हतं.

"मग दात कशानं घासता?"

नवरा नोकरीला बाहेरगावी, म्हणून मी सुरुवातीपासून माहेरीच होते. ओकाऱ्यांनी पार गळून गेले होते. पेस्टचा वासही सोसत नव्हता. तेव्हा मायनं बामच्या रिकाम्या बाटलीत घरचं मंजन करून दिलं. बाभळीच्या कोळशाचं, लवंग घातलेलं, असं ती म्हणाली. ते घासलं की डोकं हलकं व्हायचं, चार घास पोटात जायचे. पुढे दुपारीही त्याची आठवण येऊ लागली. बाटली पर्समध्येच होती. मी ती टेबलावर ठेवली.

मॅडमनी बोटावर घेऊन वास घेतला. "यात गुडाखू आहे."

मी मायकडे पाहिलं. तिनं पदर सारखा केला.

"ते मंजन होय, बाई. तंबाखू तं लोक खातेत. हे थुकून टाकते ते."

"हिरड्यांतूनही रक्तात जातो तो. वारेचा रक्तपुरवठा कमी होतो. ठिपके याचेच, असं मी छातीठोक सांगणार नाही. कधी कारण सापडतच नाही. पण आजपासून बंद."

बसमध्ये मी विचारलं, "तुले माहीत होतं ना?"

"सांगितलं असतं तं तू घेतलं असतं का? उपाशी मरू देऊ तुले?"

 उन्हात तेंदूपत्ता तोडून तिनं मला कॉलेजात घातलं. घरात पदवी घेणारी मी पहिली. तिच्या हातून आलेलं काही तपासून घ्यावं, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

मुलगी झाली. वजन कमी, पण रडणं खणखणीत. काही दिवसांनी माय वाटीत बाळगुटी उगाळून घेऊन आली.

"यात काय काय हाये?" मी विचारलं.

"वेखंड, हळकुंड, जायफळ..." ती थांबली. वाटी माझ्या उशाशी ठेवली. "तूच चाटून पाह्य."

मी चाटली नाही, मुलीलाही दिली नाही. संध्याकाळपर्यंत गुटी वाटीतच वाळली. मग मायनं वाटी नेऊन घासली.