सिद्दीक मिस्त्रींचा हात

पाटसला हायवेच्या कडेला, कारखान्याकडे वळायच्या जरा अलीकडे, सिद्दीक मिस्त्रींचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, मागं राहतं घर आणि दोन्हींच्या मधल्या भिंतीत एक खिडकी. त्या खिडकीतून मुमताजभाभी भाकरी थापता थापता नवऱ्याचा धंदा ऐकतात. कुठलं इंजिन नीट चाललंय आणि कुठलं नुसतंच मिस्त्रींचं डोकं खातंय, हे त्यांना तव्यापाशी बसून कळतं.

मिस्त्रींचं नाव झालं ते कार्बोरेटरवर. जुन्या इंजिनात हवा आणि पेट्रोल किती मिसळायचं ते कार्बोरेटर ठरवतो, आणि कार्बोरेटरनं काय ठरवायचं ते सिद्दीक मिस्त्री ठरवायचे. वरच्या खिशातला बुटका स्क्रू ड्रायव्हर काढायचा, डोळे मिटायचे, मान तिरकी करायची आणि स्क्रू केसभर फिरवायचा. खोकणारं इंजिन गुमान चालायला लागायचं. दौंडपासून शिरूरपर्यंतची गिऱ्हाइकं म्हणायची, मिस्त्रीच्या हाताला तोड नाही. मिस्त्रीही नाही म्हणायचे नाहीत. खोटं कशाला बोला, त्यांचंही मत तेच होतं.

पुढं कार्बोरेटर गेले. एमपीएफआय गाड्या आल्या. त्यांत पेट्रोल नोझलमधून फवारलं जातं आणि किती फवारायचं ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. मिस्त्रींचा भाचा रिजवान याच शेडमध्ये पाने धरायला शिकला आणि दौंडला जाऊन स्कॅनर घेऊन बसला. आता नव्या गाड्या त्याच्याकडं जातात. मिस्त्री म्हणतात, ह्यो गाडीला वायर जोडतो आन् मोबाइलमधी बघत बसतो, इंजिनाचं कधी ऐकतो का? ते रागानं म्हणतात, पण राग रिजवानवर नाही हे मुमताजभाभींना ठाऊक आहे.

अशात केंदूरचे मारुतराव आपली जुनी मारुती घेऊन आले. पाटसला ऊस घालायचे तेव्हापासूनचं हे गिऱ्हाईक. नात सायली याच गाडीतून शाळेला गेली होती, आणि आता तिचं लग्न खुटबावला ठरलं होतं. पोरीनं हट्ट धरला होता की सासरी जाईन तर आबांच्या गाडीतून, भाड्याची सजवलेली गाडी नको. आबांनी सगळ्यांदेखत शब्द दिला होता. पण कार्बोरेटर पार झिजला होता, अस्सल सामान मिळत नव्हतं, आणि गाडी दर चढाला मान टाकत होती. केंदूरहून न्हावरा, चौफुला करत खुटबावला जायचं म्हणजे नवरी वाटेत उतरवून धक्का मारायची पाळी.

"एमपीएफआय करून टाका मिस्त्री," मारुतराव म्हणाले. "पर तुमीच करायची. दुसऱ्याच्या हातात मी देनार न्हाई."

या एका वाक्यावर मिस्त्री विरघळले. त्याच मॉडेलची पुढची, एमपीएफआयवाली गाडी अपघातात चेपून भंगारात पडली होती. तिचं वरचं सगळं सामान, वायरिंग, कॉम्प्युटर, टाकीतला पंप, सगळं त्यांनी उचलून आणलं. चटणी-भाकरीवर दिवस काढत एकेक वायर जोडली. वायरिंगपुरता रिजवानला बोलावला, तोही नाइलाजानं. रिजवाननं स्कॅनर लावला, इकडंतिकडं बघितलं, आणि गाडी घड्याळासारखी चालायला लागली. मिस्त्रींनी त्या रात्री पोटभर जेवण केलं.

सकाळी गाडी बिघडली. बाहेर काढली, तर कारखान्याच्या वळणावर ब्रेक मारताच बंद. मागं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, वर मोठ्यानं गाणी. ड्रायव्हरनं गाणी बंद करून मिस्त्रींना चार शब्द सुनावले. मिस्त्रीच भर रस्त्यात गाडी ढकलतोय हे बघून चहाच्या टपरीवरचं कोणी हसलंही. ते हसणं मिस्त्रींच्या काळजात रुतून बसलं.

मग रोज हेच सुरू झालं. रिजवान यायचा, स्कॅनर लावून रेस पुन्हा बसवायचा, गाडी सुधारायची. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा आचके द्यायची, ॲक्सिलरेटर सोडला की मरायची. मिस्त्रींनी पंप बदलला. अर्थिंगच्या वायरी उपटून नव्या टाकल्या. भंगारवाल्याशी भांडून दुसरा कॉम्प्युटर आणला. गाडीवरचा राग जेवणावर निघाला, मीठ कमी झाल्याचं निमित्त होऊन ताट सरकवलं गेलं. लग्न तोंडावर आलं, आणि मारुतरावांचा फोन वाजला की मिस्त्री तो नुसता वाजू द्यायचे. शेवटी त्यांनी रिजवानलाच धरलं. तू जाताना काहीतरी करून ठेवतोस, म्हणजे मामूनं परत बोलवावं, असं ते तोंडावर बोलून गेले.

रिजवाननं बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि थोड्या वेळानं विचारलं, "मामू, हवेच्या झडपेचा ह्यो स्क्रू कुणी फिरवला का? ह्यो कंपनीतनं ठरवून येतो. ह्याला हात लावायचा नसतो."

मिस्त्रींनी शपथ घेतली, कुणीच नाही. आणि ती शपथ त्यांच्या मनानं खरी होती. रिजवाननं स्क्रू जागेवर आणला, मिस्त्रींच्या पोरीकडून, मेहककडून, तिची लाल नेलपॉलिश मागून घेतली आणि स्क्रूच्या डोक्यावर एक ठिपका ठेवला. जाताना सांगून गेला की थंड असताना ही गाडी मुद्दाम जास्त रेस घेते, तापली की आपोआप खाली येते, घाबरायचं नाही. मिस्त्रींनी एका कानानं ऐकलं.

सकाळी मिस्त्रींनी गाडी चालू केली. इंजिन ओरडलं. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, डोळे मिटले, मान तिरकी केली. थोड्या वेळानं बॉनेट पडल्याचा आवाज आला, आणि दुपारी गाडी पुन्हा बंद पडली.

मुमताजभाभी चहा घेऊन आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. त्यांचं लक्ष मिस्त्रींच्या वरच्या खिशाकडं होतं.

"मेहकची नेलपॉलिश तुमच्या स्क्रू ड्रायव्हरला कशी लागली?" त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर काढून बघितला. टोकाला लाल चुरा चिकटला होता. स्क्रू फिरवल्याचं त्यांना खरंच आठवत नव्हतं. खाज सुटली की हात जातो, तसा इंजिनाचा आवाज चढला की त्यांचा हात जात होता. कॉम्प्युटर रेस सांभाळायचा आणि मिस्त्री त्याच्याशी रोज सकाळी कुस्ती खेळायचे. नाचता येईना म्हणून अंगण वाकडं होतं, असं इथं नव्हतं. इथं नाचता येत होतं, हीच पंचाईत होती.

ते टायरवर बसून राहिले. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त चीड येत होती. ज्या हातानं सगळं आयुष्य भाकरी दिली, तोच हात आता गाडी बिघडवतो, हे कुणाला सांगायचं? त्यांनी रिजवानला फोन लावला. माफी मागायची होती, पण तोंडातून एवढंच आलं की येऊन जा, आणि ठिपका जरा मोठा ठेव.

लग्नाच्या दिवशी गाडी घेऊन केंदूरला निघताना मुमताजभाभींनी दारातच हात पुढं केला. मिस्त्रींनी मुकाट्यानं स्क्रू ड्रायव्हर त्या हातावर ठेवला. जित्याची खोड, त्या पुटपुटल्या, पण म्हण पुरी केली नाही.

पाठवणीला संध्याकाळ झाली. झेंडूच्या माळा घातलेली गाडी मांडवाच्या तोंडाशी उभी होती. सायलीची आजी विठाबाई नातीला सोडायला तयार नव्हत्या. मारुतरावांनी चावी फिरवली, आणि दिवसभर थंड पडलेलं इंजिन मोठ्यानं ओरडून उठलं. सगळ्यांच्या माना वळल्या. नवरीचे मामा हौसराव मिस्त्रींना म्हणाले, गाडी लई रेस घेतीय, जरा बघा की.

मिस्त्रींचा हात वरच्या खिशाशी गेला. खिसा रिकामा होता. बाजूला कुणाच्या तरी टूलकिटमधून स्क्रू ड्रायव्हर सहज मिळाला असता, बॉनेट हातभर अंतरावर होतं, आणि तो आवाज त्यांना दात दुखल्यासारखा ठणकत होता. त्यांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि मुठी आवळल्या. विठाबाई रडत होत्या, सायली रडत होती, इंजिन ओरडत होतं. मग इंजिन जरा खाली आलं. अजून जरा खाली आलं. आणि एका जागी येऊन थांबलं, बरोबर त्याच आवाजावर, जो मिस्त्रींनी डोळे मिटून लावला असता. कुणीही हात न लावता.

गाडी हलली. वेशीजवळच्या गतिरोधकावर ब्रेकचे दिवे लागले, आणि गाडी तशीच पुढं निघून गेली.

नातीला पोचवून रात्री मारुतराव परत आले ते थेट मिस्त्रींकडं. त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी मिस्त्रींचा उजवा हात दोन्ही हातांत धरला.

"कुठं म्हंजी कुठं बंद पडली न्हाई. मिस्त्री, तुमच्या हाताला तोड न्हाई."

"न्हाई आबा," मिस्त्री म्हणाले, "आज हात खिशातच हुता."

मारुतरावांना तो मिस्त्रींचा मोठेपणा वाटला. ते हसले आणि त्यांना जेवायला घरच्यांच्या पंगतीत घेऊन गेले.