सडा रोज पडत होता

विहिरीच्या काठावरून मी तिला दंडाला धरून मागं ओढलं, तेव्हा तिच्या खांद्याला पिशवी होती आणि वेणी नीट घातलेली होती. ती आमच्या गावच्या अंगणवाडीची बाई. कामाला कधी खाडा नाही, बोलताना सारखी हसायची. ज्या अंगणात पहाटे सडा पडतो ते घर सुखी, असं आम्ही बायका धरून चालतो. तिचा सडा एक दिवस चुकला नव्हता, म्हणून मीही फसले.

"आजी, दोन वर्षं झाली, आतून काहीच वाटंना. हात तेवढे चालायलेत," ती म्हणाली.

मी तिला परभणीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं झोपेचं विचारलं, माहेरचं विचारलं. तिची आईही अशीच हसत राबायची, हे तेव्हा कळलं. डॉक्टरनं मनाचा आजार सांगितला आणि रोजची गोळी लिहून दिली.

घरी सासू म्हणाली, "बाहेरचं हाय, लिंबू उतरवा. एवढं काम करणारी बाई कुठं आजारी असती का?"

ओसरीत चार बायका बसल्या होत्या. तिनं सगळ्यांसमोर गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायली आणि सासूला म्हणाली, "डोक्याची गोळी हाय, आत्याबाई. कुणी विचारलं तर तसंच सांगा."

काही दिवस तिला अजूनही वाईट जातात. गाव कुजबुजतं. खुशाल कुजबुजू दे. ती जिवंत आहे.