सातची घंटा

माझ्या सासूबाई पुण्याहून नॉटिंगहॅमला कायमच्या राहायला आल्या, तेव्हा त्यांचं पहिलं भांडण झालं ते इथल्या सूर्याशी. जूनमध्ये हा गृहस्थ रात्री साडेनऊपर्यंत मावळायचं नाव घेत नाही आणि डिसेंबरात चार वाजताच अंथरूण धरतो. मग दिवेलागण कधी धरायची? बराच विचार करून त्यांनी निकाल दिला, "त्याला काय करायचं ते करू दे, आपला दिवा सातला." तेव्हापासून बाहेर लख्ख ऊन असो की मिट्ट काळोख, संध्याकाळी सातला आमच्या पुढच्या खोलीत देवापुढे दिवा लागतो आणि सासूबाई पितळी घंटा वाजवतात. देवाला कमी ऐकू येत असावं, अशा बेताने वाजवतात.

आमचं घर रांगेतलं. शेजारच्या बाईंच्या आणि आमच्या मध्ये एकच भिंत. बाई एकट्या, ऐंशीच्या घरातल्या आणि दोन्ही डोळ्यांनी आंधळ्या. आपल्या घंटेचा त्यांना त्रास होत असणार, या धास्तीने मी एकदा म्हटलं, "आई, जरा हळू वाजवाल का? भिंत पातळ आहे हो." झालं, सासूबाईंनी फुरंगटून घंटाच वाजवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बाई आमच्या दारात. "आजी बऱ्या आहेत ना, मी डक?" 'मी डक' म्हणजे 'माय डक', इथली जुनी माणसं कुणालाही प्रेमाने असं 'माझं बदक' म्हणतात. "काल बेल ऐकू आली नाही. माझी संध्याकाळ त्या बेलवर चालते." सासूबाईंना मी याचं मराठी करून सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरलेले नाही. त्या संध्याकाळी घंटा दुप्पट वेळ वाजली.

बाईंचं बाहेर जाणं-येणं सगळं त्यांच्या गाइड डॉगवर. मी हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांना पुन्हा चालायला शिकवणं हे माझं रोजचं काम. तरीही ती दोघं रस्त्याने निघाली की मी हातातलं काम टाकून बघत राहायची. फुटपाथ संपला की कुत्रा थांबे. कुणी कचऱ्याचा डबा मध्येच ठेवला असेल तर बाईंना अलगद वळसा घालून नेई. बाई मात्र मान ताठ ठेवून, जणू सगळं दिसतंय अशा चालत. कातडी पट्ट्याच्या एका मुठीवर एका माणसाने आपला जीव सोपवायचा आणि दुसऱ्या जिवाने तो सांभाळायचा, हे मला कधीच साधं वाटलं नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी इथे बँक हॉलिडे असतो, म्हणजे सार्वजनिक सुट्टी. एका वर्षी त्या दिवशी कुणीतरी चालत्या गाडीतून पेटता फटाका रस्त्यावर भिरकावला. तो फुटला बाईंच्या कुत्र्याच्या पायाशी. खरचटलंसुद्धा नाही कुणाला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्रा उंबऱ्यावर थांबला तो थांबलाच. ट्रेनर आले, त्यांनी परोपरीने समजावलं, पण त्याने पुन्हा उंबरा ओलांडला नाही. शेवटी त्याला रिटायर करून एका कुटुंबाकडे दिलं, आणि बाई अख्खा हिवाळा घरात बसल्या. त्यांचं दूध-ब्रेड मी आणून द्यायची आणि प्रत्येक वेळी त्या गाडीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत परत यायची.

वसंतात दुसरी कुत्री आली. काळीभोर, तरुण, डोळ्यांत जरा खट्याळ. तिला घेऊन बाई पहिल्यांदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्या, तेव्हा मी त्यांना चहाला बोलावलं. सासूबाई लगेच लाडू घेऊन पुढे. "नको," बाई हसून म्हणाल्या, "हिला माझ्याशिवाय कुणी काही द्यायचं नाही, नियम आहे." मग गंभीर झाल्या. "हिचंही तसं झालं ना, मी डक, तर मी तिसरा मागणार नाही. या वयात पुन्हा पहिल्यापासून कुणाचा हात धरायला मला नाही जमायचं." सासूबाईंना इंग्रजी फारसं कळत नाही, पण एवढं त्यांना भाषांतराशिवाय कळलं. लाडवाची ताटली त्यांनी मुकाट्याने बाजूला ठेवली.

त्या उन्हाळ्यात मात्र शहराने कंबर कसली. रात्री अकरानंतर फटाके वाजवणं किंवा रस्त्यात ते केव्हाही उडवणं इथे बेकायदाच आहे, पण कायदा कागदावर आणि रॉकेट आकाशात, अशी गत होती. आता बस स्टॉपवर पोस्टर लागली. चोरून फटाके विकणाऱ्या दुकानांची झडती सुरू झाली. पिवळी जॅकेटं घातलेली कौन्सिलची माणसं घरोघर जाऊन सांगू लागली. कम्युनिटी हॉलमध्ये मीटिंग झाली तेव्हा मी तलवार परजूनच गेले होते. म्हटलं, आता दिवाळीवरून आपल्याकडे बोट दाखवतील. तसं काही झालं नाही. एक बाई उठल्या, त्यांचं तान्हं बाळ दचकून निळं पडायचं. एक म्हातारे सैनिक उठले आणि पुढे बोलताच येईना म्हणून तसेच खाली बसले. शेवटी आमच्या शेजारीणबाई उठल्या. त्यांनी फक्त आपल्या जुन्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. एवढं मोठं शहर एका म्हातारीच्या चार पावलांसाठी कान देऊन बसलंय, हे बघून माझी तलवार केव्हाच म्यान झाली. फटाक्यांविरुद्धच्या मराठी पत्रकाचं काम मी मागून घेतलं.

पत्रक लिहिलं आणि घरचाच चोर सापडला. दिवाळीत उरलेले फटाके आमचं इथलं मराठी मंडळ टाकून देत नाही, कुणाच्या तरी शेडमध्ये गणपतीपर्यंत लोणच्यासारखे मुरत ठेवतं. त्या वर्षी गणपती लवकर आले होते. आमच्या घरच्या दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन नेमकं बँक हॉलिडेच्या सोमवारी. मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला. हा ॲनेस्थेटिस्ट, दिवसभर लोकांना झोपवतो.

"अगं, विसर्जनाला एक लड तरी हवीच ना? इट्स ट्रॅडिशन. तुझं गार्डन प्रायव्हेट आहे, सो लीगली वी आर फाइन."

"लीगली मला शिकवू नकोस. माझ्या गार्डनमध्ये लड लावलीस तर बाप्पाच्या आधी तुझं विसर्जन करीन."

"अगं पण एक लड म्हणजे जेमतेम मिनिटभर..."

"त्या बाईंच्या कुत्र्याला एक सेकंद पुरला होता."

दुसऱ्या दिवशी त्याने फोटो पाठवला. सगळी लड बादलीत पाण्याखाली, आणि खाली लिहिलेलं, 'फटाक्यांचं विसर्जन, विधिवत.' माणूस वाईट नाही.

सोमवारी संध्याकाळी आमच्या मागच्या बागेत वीसेक माणसं जमली. शाडूची मूर्ती पाटावर, शेजारी पाण्याने भरलेली मोठी बादली. झांजा नकोत, नुसत्या टाळ्या, असं मी सगळ्यांना दटावून ठेवलं होतं. शेजारच्या बाई काळ्या कुत्रीला घेऊन आल्या आणि खुर्चीत बसल्या. पाहुण्यांच्या गडबडीत सात केव्हाच वाजून गेले होते, सासूबाईंची घंटा मात्र वाजायची राहिली होती. ऊन कलत होतं. दर वर्षी या वेळेपर्यंत कुठून ना कुठून धडाडधूम सुरू झालेलं असतं. त्या दिवशी कुंपणावरचा पक्षी ऐकू येत होता. अख्खं शहर श्वास रोखून बसलंय असं वाटलं आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

सासूबाईंनी निरांजन लावलं, डाव्या हातात घंटा उचलली, आणि मागच्या गल्लीत फटाका फुटला. पाठोपाठ आणखी दोन.

कुत्री जमिनीला चिकटली. तिचं सगळं अंग थरथरत होतं. बाई खाली वाकून तिच्या पाठीवर हात ठेवत होत्या. मला रडू फुटणार होतं, आणि त्याहून जास्त संताप येत होता.

"निरांजन हातात घेतल्यावर थांबायचं नसतं," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी घंटा वाजवायला सुरुवात केली. मी हात करून त्यांना थांबवणार, तेवढ्यात कुत्रीचे कान उभे राहिले. मग मान वर आली. शेपटी गवतावर एकदा आपटली, पुन्हा आपटली. थरथर होतीच, पण ती उठली आणि घंटेकडे बघत बाईंच्या गुडघ्याला नाक लावून शहाण्यासारखी बसली.

बाई आधी चकित झाल्या, मग डोळे पुसत हसायला लागल्या. "तिच्या जेवणाची बेल आहे ती! मला घड्याळ दिसत नाही. ही घरात आल्यापासून तुमची बेल झाली की मी तिचं भांडं भरते." मी भाषांतर केलं. सासूबाई जागच्या जागी थिजल्या. मग मूर्तीकडे बघून त्यांनी हात जोडले आणि आम्ही आरती म्हटली. इतक्या दबक्या आवाजात इतकी मोठी आरती मी आयुष्यात ऐकली नव्हती.

पण खरी परीक्षा सकाळी होती. जुना कुत्रा अडला होता तो सकाळीच. मी कामावर जायच्या आधी खिडकीशी उभी राहिले. शेजारचं दार उघडलं. बाई, पट्ट्याची मूठ आणि काळी कुत्री. उंबऱ्यावर ती थांबली. बाईंनी ओढलं नाही, काही बोलल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. माझ्या मागे सासूबाई सकाळच्या पूजेला बसल्या होत्या, घंटेची वेळ झाली होती.

"आई," मी न वळता कुजबुजले, "आता वाजवू नका हं. ती जेवायला मागे फिरेल."

कुत्रीने हवा हुंगली, रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मग एक पाऊल बाहेर टाकलं, दुसरं टाकलं, आणि बाई तिच्यामागे मान ताठ ठेवून चालू लागल्या. फाटक वाजलं. कोपऱ्यावर दोघी फुटपाथच्या कडेला थांबल्या आणि वळल्या.

मी मागे बघितलं. सासूबाई पूजेवरून उठून केव्हाच्या खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. घंटा त्यांच्या हातात होती, आणि आतला लोलक त्यांनी मुठीत घट्ट आवळून धरला होता.

"गेली?" त्यांनी विचारलं.

"गेली."

मगच त्यांनी मूठ सोडली.