फुल स्पीडला तापणारी बोट

नांदेडात बोट चालवतो म्हटलं की समोरचा आधी हसतो. मग मी एक किस्सा सांगतो, तो दुसरा मागतो, आणि चहा गार होतो. इतकी वर्षं गोदावरीवर पुराच्या बचाव-पथकात काढली, किस्से साचणारच! त्यातले बरेचसे एकाच बोटीचे. हळू चालवली तर शहाणी, फुल स्पीड दिला की दहा मिनिटांत तापायची.

*

पहिल्या ट्रायलला आमचे साहेब बसले होते. सोबत माझा जोडीदार बळीराम, उमरीचा, वीस वर्षं पाण्यावर काढलेला माणूस. मी स्पीड वाढवला. टेम्परेचरचा काटा लालमध्ये गेला आणि अलार्म बोंबलायला लागला.

"हा आवाज कसला?" साहेबांनी विचारलं.

"इंजन बोलून राहिलंय साहेब," बळीराम म्हणाला. "हळू चला म्हणतंय."

साहेबांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, "बोट हळू चालवल्यास उत्तम आहे!"

*

या बोटीचं इंजिन आत, पोटात असतं. नदीचंच पाणी पाइपानं खेचून ते थंड राहतं. म्हणजे पाणी कुठंतरी अडत होतं. आम्ही पाणी आत येतं तिथली जाळी उघडली. जलपर्णीची मुळं, पॉलिथिन आणि झेंडूचा एक अख्खा हार निघाला.

बळीरामनं हाराला हात जोडले आणि तो काठावरच्या बाभळीखाली नेऊन ठेवला.

"नदीत सोड की," मी म्हणालो.

"सोडतो. उद्या पुन्हा आपल्याच जाळीत येईल!"

जाळी साफ झाली. बोट तापायची ती तापलीच.

*

मग पंपातली रबरी चक्री बदलली. फरक शून्य. शेवटी इंजिनवाल्यांना फोन लावला.

"स्पीड किती ठेवता?"

"फुल."

"मग फुल ठेवू नका ना सर."

बळीरामनं माझ्या हातातून फोन घेतला. "भाऊ, पूर फुल येतो. त्याला पण तुम्हीच सांगा."

*

त्याच पावसाळ्यात पलीकडच्या काठावर एका सालगड्याला साप चावला. रस्ता पाण्याखाली. आम्ही गेलो, त्याला घेतलं. परत येताना काटा लालकडे सरकला की मी स्पीड कमी करायचो, उतरला की वाढवायचो. बारा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात बळीराम त्याला एकसारखा हाका मारत होता. झोपू देईना.

माणूस वाचला. दवाखान्यातून तसा निरोप आला तेव्हा मी बळीरामच्या पाठीवर थाप मारली.

"ह्यो वाचला," तो म्हणाला. "पुढचा?"

*

दुसऱ्या दिवशी तो कुणाला न विचारता लोह्याला गेला आणि गफूरचाचांना घेऊन आला. चाचा ट्रॅक्टरचे आणि विहिरीवरच्या इंजिनांचे मेकॅनिक. बोटीत पाय ठेवायचा म्हणून आधी चपला काढल्या.

"मी बोट कधी खोलली न्हाई," ते म्हणाले. "पाणी खेचनारे पाइप लई पाह्यले. चालू करा."

बोट काठाला बांधलेलीच होती. चाचांनी पाणी खेचणाऱ्या पाइपावर हात ठेवला आणि मला रेस वाढवायला सांगितलं. हळूला पाइप गोल होता. रेस वाढली तसा तो त्यांच्या हाताखाली आत चेपत गेला, पार चपटा झाला.

"दम घुटून राहिला हिचा!" चाचा ओरडले. "मऊ पाइप लावलाय कोनी. आत तारेचं कडं पाहिजे."

तारेचा पाइप बसवला. फुल स्पीडला पाऊण तास फिरवली, काटा मधल्या खुणेवरून हलला नाही.

साहेबांनी विचारलं, "चाचा, एवढ्या लोकांना हे कसं दिसलं नाही?"

"त्यांनी इंजन बंद करून पाइप पाह्यला, साहेब."

*

आता शेवटचा. मागच्या पावसाळ्यातला.

पलीकडच्याच काठावर पाण्यानं वेढलेल्या एका आखाड्यावरून, शेतातल्या वस्तीवरून, फोन आला. म्हातारे आबा, छातीत दुखतंय. सोबत फक्त काकू. आम्ही आबांना फळीवर आडवं केलं. काकूंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी फुल स्पीड दिला.

बोट कधी नव्हे तशी पळाली. समोरून झाडांचे ओंडके येत होते. बळीराम पुढे उभा राहून "डावीकडं! डावीकडं!" ओरडत होता. निम्म्या वाटेत मी मागे वळून विचारलं, "काकू, आबा कसे हायेत?"

काकूंनी तुषार उडू नयेत म्हणून आबांच्या तोंडावर पदर धरला होता. त्यांनी नुसता हात पुढे केला. चला.

बारा मिनिटांची वाट आम्ही दहात मारली. काठावर ॲम्ब्युलन्स उभी होती. बळीरामनं उडी टाकली, दोर बांधला, धावत स्ट्रेचर आणलं. मी आबांना उचलायला वाकलो, तेव्हा काकूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"ते मधीच गेले, बाबा," त्या म्हणाल्या. "तुमी दोघं एवढा जीव लावून आनून राहिले होते... कसं सांगावं?"