जर्मनीची तालीम, मुक्काम हुडकेश्वर

घरातलं कुणी परदेशी निघालं की सामानाआधी किस्से जमायला लागतात. बॅगेला वजनाची मर्यादा असते, किश्शांना नसते. माझी वहिनी, दादा आणि त्यांची पाच वर्षांची समू जर्मनीला गेली. त्याआधीच्या उन्हाळ्यात आमच्या घरात जे घडलं, ते आता सगळे नातेवाईक एकमेकांना सांगून हसतात. प्रत्येक किश्शात येडं पात्र एकच आहे. म्हटलं, दुसऱ्यांनी तिखटमीठ लावण्यापेक्षा आपणच सांगून टाकावं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढे वेळ मिळणार नाही. वहिनी नर्स, दादा हिंगण्याच्या कारखान्यात. दोघांच्याही शिफ्टा. त्यामुळे समू बरीचशी माझ्या कडेवर वाढली. बस, एवढंच.

*

कॉलेजात मी वादविवाद स्पर्धा गाजवायचे. विषय कुठलाही असो, माझा शेवट ठरलेला: "शिकून देश सोडणं म्हणजे पळ काढणं!" दादा मला बाइकवर घेऊन जायचा आणि ह्या वाक्याला पहिल्या रांगेतून टाळ्या वाजवायचा.

व्हिसा आल्याचं कळलं त्या दिवशी मी त्याला सोफ्यावर बसवलं आणि सुरू झाले. देश, कर्तव्य, इथल्या लोकांच्या करातून झालेलं शिक्षण... काही म्हणजे काही सोडलं नाही. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं. शेवटच्या वाक्याला सवयीनं टाळ्याही वाजवल्या.

मग म्हणाला, "मस्त बोलली वं. पण नोकरी मले नाही लागली, तुह्या वहिनीले लागली. मी तिच्या मागं चाललो."

आता आली पंचाईत! कारण माझं दुसरं गाजलेलं भाषण होतं, 'बायकोच्या नोकरीसाठी नवऱ्यानंही गाव सोडावं!' दोन्ही भाषणं माझीच. दोन्हींना बक्षीस मिळालेलं.

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनीनं विचारलं, "मंग मी जाऊ नं, पल्लवी?"

*

तत्त्वात हरलेला माणूस नियोजनात घुसतो. मी जाहीर केलं, जायचंच असेल तर पूर्ण तयारीनिशी जायचं. तयारी माझ्याकडे! तशी ती कुणी मला दिली नव्हती.

पहिला कार्यक्रम थंडीचा. 'तिथे गेल्यावर एकदम जॅकेट घातलं तर सुचत नाही, आधीपासून सवय हवी,' हा माझा सिद्धांत. महिना मे. नागपूरचा मे! मी कूलरमध्ये पाणी भरलं, खिडक्या लावल्या आणि तिघांना जॅकेट, टोप्या, हातमोजे चढवून कूलरसमोर बसवलं. त्यांना एकटं वाटू नये म्हणून दादाचं जुनं स्वेटर मीही घातलं.

नेमक्या शेजारच्या वानखेडे काकू वाटी परत द्यायला आल्या. त्यांनी आमच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"काय करून राहिले गा?"

"थंडीची सवय करून राहिलो, काकू," घामानं निथळत दादा म्हणाला.

"मंग कूलर काहून लावला?"

"त्याशिवाय जॅकेट घालवत नाही!"

काकू घरी गेल्या आणि पन्ह्यानं भरलेला गंज घेऊन परत आल्या. बरोबर ऊन बाधू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात ठेवायला एकेक कांदा. "झाव लागली असन," त्या आईला हळूच म्हणाल्या, "पण पल्लवीले आधीपासूनच हाय वाटते."

*

मी कुठेतरी वाचलं की तिकडे रविवारी आवाज करत नाहीत आणि न कळवता कुणाच्या दारात जात नाहीत. लगेच घरात दोन नियम लागू. रविवारी मिक्सर बंद. आणि दादा-वहिनीच्या वरच्या खोलीत फोन केल्याशिवाय कुणी जायचं नाही.

आमचे बाबा वीज खात्यातून निवृत्त झालेत. रस्ता रिकामा असला तरी लाल सिग्नलला थांबतात. आयुष्यात एक नियम मोडला नाही. त्यांनी दुसऱ्याच दिवशी जिन्यात उभं राहून फोन लावला. दादा झोपला होता, त्यानं उचलला नाही. बाबा पाऊण तास जिन्यात बसून राहिले. हातात चहाचा कप! दादासाठी नेलेला.

आईचं तसं नाही. रविवारी सकाळी तिनं खलबत्ता काढला आणि मिरच्या कुटायला घेतल्या. मी धावत गेले. "आई! रविवार आहे!"

"मिक्सर बंद हाय नं?" ती म्हणाली. "आन मले सांग, माह्या ठेच्यानं जर्मनीत कोण उठून राहिलं?"

*

मग व्हिडिओ कॉलची तालीम. आई-बाबांनाही सवय हवीच की! दादा, वहिनी, समू वरच्या खोलीत. आई-बाबा खाली हॉलमध्ये, फोन आईच्या हातात. मी जिन्याच्या मध्यावर, परीक्षक.

आई इतक्या मोठ्यानं बोलली की तिचा आवाज फोनच्या आधी जिन्यातून पोचला. पडद्यावर वरच्यांना दिसला पंखा, मग आईचं कपाळ, मग बराच वेळ बाबांचा कान. समूनं गाणं म्हणून दाखवलं. आईनं "जेवली का?" असं तीनदा विचारलं. फोन ठेवला. मी खूश.

तर आई पदर डोळ्याला लावून बाबांना म्हणाली, "पोरगी वाळली वो!"

समू अर्ध्या तासापूर्वी तिच्याच ताटात जेवून वर गेली होती.

*

त्या पदरामुळेच मी शेवटची तालीम ठरवली, निरोपाची. मोठी माणसं रडली की लहान पोरं घाबरतात. समू हसत जायला हवी. म्हणून नियम एकच: विमानतळावर कुणीही रडायचं नाही.

अंगणात सराव. फाटक म्हणजे विमानतळाचं दार. गॅस सिलिंडरची चाकांची गाडी म्हणजे ट्रॉली, तिच्यावर एक बॅग. तिघांनी घरातून निघायचं, आईबाबांना भेटायचं, हात हलवायचा, फाटकाबाहेर जायचं. जो रडेल त्याच्यामुळे सगळ्यांनी परत घरात जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून!

पहिल्या वेळी आई रडली. परत. दुसऱ्या वेळी आई रडली. परत. तिसऱ्या वेळी वहिनी रडली, मग तिला बघून आई. समूला हा खेळ भलताच आवडला. कुणाचा ओठ जरा थरथरला की ती टाळी वाजवून ओरडायची, "पुन्हा पहिल्यापासून!" आणि ट्रॉली गर्रकन वळवून घराकडे पळायची.

मी मात्र एकदाही रडले नाही. आईला म्हणालेसुद्धा, "जरा माझ्याकडून शिक!"

शेवटी एकदाची कोरडी तालीम पार पडली. सगळ्यांना जिलबी वाटली. समूनं जिलबी खाता खाता विचारलं, "आत्या, खऱ्या दिवशी कोणी रडलं तर?"

मी घाईत होते. म्हटलं, "तोच नियम."

*

बॅगा भरताना मी फार कडक होते. भावनिक सामान बंद! आईच्या वड्या निम्म्या, पापड बाद. तरी समूची बॅग काही केल्या वजनात बसेना. दादानं ती उपसली. तळाशी निघाली अंकलिपी, गोष्टींची पुस्तकं, थोरांची चरित्रं आणि भारताचं संविधान, जाड पुठ्ठ्याचं. तिनं मुळं विसरू नयेत म्हणून मीच ठेवलेलं.

"पाच वर्षांच्या पोरीले संविधान?" दादा म्हणाला. "तिले अजून 'क' काढता येत नाही वं!"

तेवढ्यात बाबा म्हणाले, "संविधान राहू दे. बॅगेतून तुहे बूट काढ."

दादा विमानात तेच जड बूट पायात घालून बसला.

*

आणि मग खरा दिवस आला. भाड्याच्या मोठ्या गाडीतून आम्ही सगळे भरदुपारी विमानतळावर. आई कोरडी ठणठणीत. काय ती ताठ उभी होती! वहिनीनं मला मिठी मारली, डोळे वर करून आभाळाकडे बघत राहिली, पण नियम पाळला. मी सूचना देत होते: पासपोर्ट वरच्या कप्प्यात, समूचं स्वेटर हाताशी, पोचल्यावर फोन.

समू ट्रॉलीवर बॅगांच्या वर बसली होती. तालमीतल्यासारखाच तिनं उजवा हात हलवला. आजीला टाटा, आजोबांना टाटा. मग माझ्याकडे बघून, मी रोज कामाला निघताना तिला जे सांगायचे तेच, अगदी माझ्याच आवाजात, म्हणाली, "येतो वं. जेवून घेशील. त्रास देऊ नको कोणाले."

झालं.

मी तोंड फिरवलं, पण उशीर झाला होता. आई माझ्याकडे बघतच राहिली. वहिनीनं घड्याळ बघितलं. दादा म्हणाला, "पल्लवी, अबे..."

समू ट्रॉलीवरून खाली उतरली. टाळी वाजवली नाही. हसलीही नाही. दोन्ही हातांनी तिनं ती भलीमोठी ट्रॉली ढकलत ढकलत वळवली.

"आत्या रडली," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून."

आणि पार्किंगच्या दिशेनं चालायला लागली. आम्ही सगळे जागच्या जागी थिजलेलो. फक्त बाबा, आयुष्यात एक नियम न मोडलेले बाबा, झपाझपा तिच्या पुढे गेले आणि त्यांनी गाडीची डिकी उघडली.